मदरबोर्ड, आखिती आणि अप्पांचा कूलर

नांदेडहून लातूरला जाताना एसटीत मी आजवर नाना वस्तू मांडीवर घेऊन बसलोय. आंब्यांची पेटी, लोणच्याची बरणी, एकदा तर टोलाचं घड्याळ, जे लोहा गावाजवळ वाजायला लागलं आणि सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. पण संगणकाचा मदरबोर्ड मांडीवर घेऊन बसायची वेळ माझ्या धाकट्या बहिणीमुळे आली. माझं नांदेडला पुस्तकं-वह्यांचं दुकान आहे आणि शेजारच्याच गाळ्यात संगणकाचे सुटे भाग मिळतात. तिनं लातूरहून फोनवर त्या दुकानदाराशी सगळं ठरवलं आणि हमाल म्हणून माझी नेमणूक केली. वर सूचनाही दिल्या. खोका आडवाच धरायचा, त्यावर पिशवी ठेवायची नाही, उन्हाच्या बाजूला बसायचं नाही.

एवढी काळजी माझी कुणी कधी केली नव्हती, हे मी तिला स्टँडवर उतरल्या उतरल्या सुनावलं. तिनं आधी खोका हातात घेतला, चारही कोपरे बघितले आणि मग म्हणाली, "तुला वॉरंटी न्हाई दादा, ह्याला हाय."

तिचं काम घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. आई शेजारणींना सांगते की ती घरं काढते. खरं म्हणजे आर्किटेक्टकडून नकाशे येतात, त्यांवरून ती अजून न बांधलेल्या इमारतींची हलती फिल्म तयार करते. ऊन कुठून येईल, सावली कुठं पडेल, खिडकीच्या काचेत समोरचं झाड कसं दिसेल, हे सगळं संगणकाला एकेका चित्रासाठी नव्यानं मोजावं लागतं. अशी ढीगभर चित्रं जोडली की आपण त्या घरात शिरल्यासारखं वाटतं. ह्या मोजण्याला ती रेंडर म्हणते. ते एकदा सुरू झालं की मशीन दिवसच्या दिवस घाण्याला जुंपल्यासारखं चालतं.

अप्पांची, म्हणजे आमच्या वडिलांची, लातूरच्या मार्केट यार्डात अडत आहे. आम्ही मूळचे उदगीरकडचे, धान्याच्या व्यापारातले. अप्पा रोज पूजा करून, कपाळाला विभूती लावूनच यार्डात जातात. त्यांची एक सवय सगळ्या यार्डाला ठाऊक आहे. सोयाबीनचा ढीग ओतला की बाकीचे लोक वरचे दाणे हातात घेऊन बघतात, चावून बघतात. अप्पा सरळ कोपरापर्यंत हात ढिगात घालतात आणि डोळे मिटून थोडा वेळ तसेच ओणवे राहतात. ओला माल वरून उन्हानं वाळलेला दिसतो, पण पोटात तापत असतो. मग हात बाहेर काढून ते एकच शब्द बोलतात, "कोरडा" नाही तर "ओला". त्यावर कुणी वाद घातल्याचं मला आठवत नाही. लहानपणी सुट्टीत बहीण त्यांच्यासोबत यार्डात जायची आणि ढिगात खांद्यापर्यंत हात घालून डोळे मिटायची. मी पोत्यांच्या सावलीत बसून गोष्टीचं पुस्तक वाचायचो. तिथूनच आमच्या वाटा वेगळ्या झाल्या असाव्यात.

मागच्या उन्हाळ्यात लातुरातल्या एका आर्किटेक्टनं तिला पहिल्यांदा मोठं काम दिलं. शहराबाहेर उभ्या राहणाऱ्या एका वसाहतीची फिल्म. वसाहतीचं भूमिपूजन आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला होतं आणि मांडवात पडद्यावर ती फिल्म दाखवायची होती. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, तो काही कुणाच्या मशीनसाठी पुढं सरकत नाही. त्याच सुमाराला पुण्याच्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली. महिन्याच्या महिन्याला पगार म्हटल्यावर अप्पांचा जीव तिकडे ओढला. त्यांनी निकाल देऊन टाकला. "आखितीला तुझं काम पडद्यावर दिसलं तर इथं राहून कर काय करायचं ते. न्हाई दिसलं तर पुण्याला जायचं. हाव का न्हाई?"

ती म्हणाली, "हाव."

तिला जायचं नव्हतं. मला एकट्याला गाठून ती म्हणाली होती, "दादा, तिथं मी दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्यांचं काम करीन. इथं माझं मी करायले." मलाही ती जायला नको होती. पण आमच्या घरात माझं मत कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर ऐकत नाही.

शाळांना सुट्ट्या लागल्या की माझ्या दुकानात माश्या मारायचंच काम उरतं. म्हणून मी तेव्हा लातूरला येऊन राहिलो होतो आणि पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं.

तिची खोली पश्चिमेची. दुपार कलली की भिंतीला हात लावला तर चटका बसतो. त्या खोलीत, ऐन उन्हाळ्यात, तिनं मी आणलेल्या बोर्डाचं मशीन कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायला घेतलं. ह्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हे तिनं मला दालमिलच्या भाषेत समजावलं. मिलची मोटर जास्त फिरवली तर डाळ लवकर पडते, पण वीज जास्त खाते आणि मोटर तापते.

"मग फिरवतीस कशाला?"

"आखिती जवळ यायली म्हणून."

तिची रीत मात्र बघत बसावी अशी होती. वेग अगदी थोडासा वाढवायचा, मशीनला कामाला लावायचं, शेजारी बसून तापमानाचे आकडे बघायचे, सगळं ठीक वाटलं तर आणखी थोडंसं. चहा गार झाला तरी ती खुर्चीवरून हलायची नाही. मी असतो तर पहिल्याच दिवशी सगळं टोकाला नेऊन घरातला फ्यूज उडवला असता. एवढा धीर हिच्यात आला कुठून, ह्याचं मला नवल वाटायचं. आमच्या घरात धीर हा काही कुणाचा प्रसिद्ध गुण नाही.

एका दुपारी मशीन आपोआप मंदावलं. मग जरा पळालं, पुन्हा मंदावलं. पडद्यावर प्रोसेसरचं तापमान दिसत होतं. मी ज्ञान पाजळलं, "आकडा तर बरा हाय की."

तिनं बांगड्या उतरवून टेबलावर ठेवल्या, कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढलं, तळहात आत नेला आणि कशालाही न लावता प्रोसेसरच्या शेजारी धरला. मग डोळे मिटले. मला हसू येणार होतं, तेवढ्यात मला अप्पांचा हात आणि सोयाबीनचा ढीग आठवला.

"इथं," ती डोळे मिटूनच म्हणाली.

प्रोसेसरवर तिनं भलामोठा पंखा बसवला होता. त्याची उष्णता निघून जात होती आणि पडद्यावर त्याचाच आकडा दिसत होता. पण प्रोसेसरला वीज पुरवणारे बारके भाग बोर्डावर त्याच्या बाजूला असतात. वेग वाढवला की जास्तीची वीज त्यांच्यातून जाते, आणि त्यांच्या अंगावर वारा येतच नव्हता. ते जळाले तर बोर्ड गेला, बोर्ड गेला तर काम गेलं, आणि काम गेलं तर पुणं.

"वरचे दाणे कोरडे हायत दादा. ढीग पोटात तापलाय."

तिनं वेग थोडा उतरवला आणि एक छोटा पंखा पोत्याच्या सुतळीनं आतल्या सळईला बांधून त्या भागांवर तिरपा सोडला. अप्पा हे सगळं दारात उभं राहून बघत होते. आपली लेक आपल्यासारखी डोळे मिटते हे त्यांना दिसलं असणारच. जाताना ते मिशीतल्या मिशीत हसले.

दुसऱ्या दिवशी ती झालेलं काम दाखवायला आर्किटेक्टकडे गेली. मशीन चालू होतं, झाकण उघडंच होतं. मी जेवून आडवा झालो होतो. अप्पांच्या मनात कालचं बसलं होतं, की त्याला वारा कमी पडतोय. त्यांनी अडतीतल्या हमालाला सांगून तिथला पत्र्याचा मोठा कूलर हातगाड्यावर घरी आणवला. वाळ्याच्या नव्या जाळ्या बसवल्या, बोअरच्या पाण्यानं टाकी काठोकाठ भरली आणि कूलर थेट उघड्या कॅबिनेटसमोर मांडून सगळ्यात मोठ्या वेगावर सोडला. मराठवाड्यात उन्हाळ्यात माणसाला, पाहुण्याला, नवरदेवाला, बाळंतिणीला गारवा द्यायचा तो कूलरनंच. मग मशीननं काय पाप केलं होतं?

गार वाऱ्यानं मला जाग आली. मी उठून त्या वाऱ्यात उभा राहिलो. पडद्यावरचा आकडा झरझर खाली येत होता आणि अप्पा त्याच्याकडे भाव चढल्यासारखे बघत होते. आणि मग टक्‌ असा आवाज आला, पडदा काळा झाला.

"लाइट गेली का?" अप्पांनी विचारलं.

कूलर तर फिरतच होता. काठोकाठ भरलेली टाकी, नव्या जाळ्या आणि जोराचा वारा, त्यात पाण्याचे बारीक तुषार उडत होते. ते सगळे बोर्डावर बसले होते.

बहीण आली, तिनं आधी प्लग ओढला, मग टॉर्च लावून आत पाहिलं. आमच्या बोअरच्या पाण्यानं नळांवर, बादल्यांवर पांढरा थर चढतो. तशीच पांढरी टिंबं हिरव्या बोर्डावर सुकायला लागली होती. माझा पारा चढला. "अप्पा, विजेच्या वस्तूवर कुणी पाणी..." मी सुरू केलंच होतं, तिनं मला नुसत्या हातानं थांबवलं. अप्पा खांद्यावरचा पंचा मुठीत धरून भिंतीशी उभे होते. यार्डात कुणापुढंही मान खाली न घालणारा माणूस, पण तेव्हा त्यांना कुठं बघावं तेच कळत नव्हतं.

"अप्पा, तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "त्याला वाराच पाहिजे होता. पाणी तेवढं नको होतं."

एवढंच. आवाज चढला नाही, टोमणा नाही, दार आपटणं नाही. ती चिडली असती तर अप्पांनाही चिडता आलं असतं आणि सगळं सोपं झालं असतं. ते मुकाट्यानं कूलर बंद करून यार्डात गेले आणि संध्याकाळच्या चहालाही आले नाहीत. मला आजही वाटतं, त्या दिवशी तिनं जे केलं ते मला सात जन्मांत जमणार नाही.

मग तिनं बोर्ड सोडवून काढला. स्पिरिट आणि मऊ ब्रश घेऊन एकेक टिंब पुसायला बसली. ब्रश मी निवडून आणला, शेवटी स्टेशनरीवाला आहे मी. पुसता पुसता तिचे डोळे भरून आले. तिनं मान चटकन फिरवली, कारण बोर्डावर आणखी पाणी पडून चालणार नव्हतं. ते बघून मला हसावं की रडावं कळेना. मी आपला उठून तिच्यासाठी लिंबाचं सरबत करून आणलं आणि ते बोर्डापासून लांब, खिडकीत ठेवलं.

बोर्ड सावलीत सुकवला. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तिनं सगळं जुळवून बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा उजळला. आई हाताला पीठ तसंच घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. पण बहिणीचा चेहरा काही खुलला नाही. वेग तिनं मूळच्यावर आणून ठेवला होता, तरी तळहात आत नेल्यावर ती जागा हवी त्यापेक्षा तापतच होती.

तिनं नांदेडच्या त्या दुकानदाराला फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. तो म्हणाला की बोर्डाच्या पोटात एक प्रोग्राम असतो, फर्मवेअर, वीज किती सोडायची ते तोच ठरवतो. ह्या बोर्डातला जुना प्रोग्राम गरजेपेक्षा जास्त वीज सोडून राहिलाय, कंपनीनं नवा दिलाय. "अपडेट मारून टाका ताई, बिनधास्त." आणि त्याच दमात पुढं म्हणाला, "फकत मधी लाइट जाऊ देऊ नका. गेली तर बोर्ड म्हंजे वीट समजा."

"दुसरा बोर्ड?"

"ह्यो माल आता न्हाई माझ्याकडं. हैदराबादहून मागवावा लागंल. आखितीच्या आत मुश्कील हाय."

उन्हाळ्यात लातूरला वारा सुटला की लाइट जाते, हे कुणाला सांगायला नको. घरात इन्व्हर्टर आहे, पण त्यावर दिवे तेवढे लागतात, पंखा नाही की संगणक नाही. तिच्या टेबलाखालच्या यूपीएसच्या बॅटरीनं उन्हापायी केव्हाच मान टाकली होती. मी म्हणालो, राहू दे ते अपडेट, मशीन चालतंय ना, ढकल कसंतरी.

"कसंतरी ढकलायचं म्हंजे रोज थोडं थोडं भ्यायचं," ती म्हणाली. "हे एकदाच भ्यायचं."

अप्पा दारातून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत फाटकात स्कूटर वाजली. अप्पांच्या दोन्ही पायांमध्ये अडतीतल्या संगणकाचा यूपीएस होता, नवा, जाडजूड. त्याच्याशिवाय शेतकऱ्यांना द्यायच्या हिशोबाच्या पट्ट्या छापून निघणार नव्हत्या.

"तिकडं काय करताल?" बहिणीनं विचारलं.

"हातानं लिहू. आधी काय कॉम्प्युटर होता का?"

मग आमच्या घरात जी व्यवस्था लागली ती लग्नातही लागली नव्हती. आईला मिक्सर बंद, पाण्याची मोटर बंद, इस्त्री बंद. मला तर कुठल्याच बटणाजवळ फिरकायची बंदी. अप्पांनी मीटरच्या खाली स्टूल टाकलं आणि हाताची घडी घालून त्यावर बसले, मेन स्विचकडे मांजरही जाणार नाही असे. बसायच्या आधी मात्र ते चिमटीत विभूती घेऊन खोलीत आले. खंडेनवमीला आम्ही काट्याला, वजनांना, गोदामाच्या कुलपाला विभूती लावतो, तशी ती त्यांना मशीनला लावायची होती. मी तोंड उघडणार होतो.

"मशीनला नको अप्पा," बहीण म्हणाली. "बारीक असती, पंखा आत ओढून घेतो. मला लावा."

आणि तिनं मान खाली केली. अप्पांनी तिच्या कपाळावर तीन बोटं ओढली. उरलेली विभूती त्यांनी माझ्या कपाळाला पुसली, वाया जाऊ नये म्हणून बहुधा.

तिनं पेनड्राइव्ह लावला, त्यातल्या फाइलचं नाव दोनदा वाचून पाहिलं आणि अपडेट सुरू केलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत जायला लागली. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. पट्टी निम्म्याच्या पुढं गेली आणि बाहेरच्या खोलीतला पंखा मंद होत होत थांबला.

"लाइट गेली," अप्पांचा आवाज आला. इतका हळू आवाज त्या छातीतून निघू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

यूपीएस पीं पीं करायला लागला. पट्टी थांबली. मी तिच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. ती जागची हलली नाही. कीबोर्डला हात लावला नाही, माऊस हलवला नाही, मान वळवली नाही. काहीतरी करावंसं वाटत असताना काहीच न करणं हे केवढं अवघड काम आहे, ते मी त्या खुर्चीमागं उभा राहून पाहिलं. पट्टी सरकली. पुन्हा थांबली, पुन्हा सरकली. मग पडदा काळा झाला, आणि आपोआप उजळून बोर्डाच्या कंपनीची तिच्या ओळखीची खूण समोर आली.

"झालं, अप्पा," ती म्हणाली.

बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग मोरीत पाण्याचा आवाज आला, बराच वेळ. अप्पा तोंड धूत होते.

नव्या प्रोग्रामनं जुन्या सगळ्या सेटिंग पुसून टाकल्या, म्हणजे वाढवलेला वेगही गेला. तो तिनं परत भरला नाही. तळहात आत नेऊन पाहिला, ती जागा आता सोसेल इतकीच तापत होती. पण मूळच्या वेगानं काम वेळेत बसणार नव्हतं. दुसरं कुणी असतं तर पुन्हा मोह झाला असता. तिनं फिल्म समोर घेतली आणि जे दिसणारच नाही ते काढायला सुरुवात केली. भिंतीमागची झाडं गेली. पडदे लावलेल्या खोल्यांमधलं फर्निचर गेलं. गच्चीवरच्या टाकीची मागची बाजू गेली. शेवटी रात्रीचा दिव्यांचा देखावा उरला, त्याला सगळ्यात जास्त वेळ लागणार होता. तिनं आर्किटेक्टला फोन लावून सरळ सांगितलं की रात्रीचा देखावा आखितीनंतर मिळेल, दिवसाचा वेळेत देते. पलीकडचे बरंच कुरकुरले. ती ऐकत राहिली आणि शेवटी तेच वाक्य पुन्हा म्हणाली. त्यांनी मान्य केलं. मला तर फोनवर पुस्तकाची ऑर्डर बदलतानाही घाम फुटतो.

त्यानंतर अप्पा रोज यार्डात जाताना तिच्या खोलीत डोकवायचे. कॅबिनेटच्या मागं, जिथून गरम हवा बाहेर पडते तिथं तळहात धरायचे, डोळे मिटायचे आणि "कोरडं हाय," एवढं बोलून चपला घालायचे.

आखितीला मांडवात बऱ्यापैकी गर्दी होती. पूजा झाली, भाषणं झाली, मग पडदा उजळला. फाटक उघडलं, बाग आली, सकाळचं ऊन जिन्याच्या पायऱ्यांवरून उतरत आलं. माझ्या पुढं बसलेल्या एका म्हातारबाबांनी शेजाऱ्याला विचारलं, "बांधून झालं व्हय आधीच?" माझी छाती फुगली, जणू ती फिल्म मीच केली होती. अप्पा माझ्या मागंच, खांबाला टेकून उभे होते. शेवटी पडद्यावर बहिणीचं नाव आलं. त्यांना चष्म्याशिवाय दूरचं वाचता येत नाही, त्यांनी मला विचारलं, "तिचंच का?" मी म्हटलं, हो. त्यांनी पंच्यानं चष्मा पुसला आणि डोळ्यांवर चढवेपर्यंत नाव गेलं होतं.

घरी येऊन आमरस-पुरी झाली. बहीण ताटावर बसूनही अप्पांकडेच बघत होती, निकाल अजून त्यांच्या तोंडून यायचा होता. शेवटी तिनं विचारलं, "अप्पा, पुण्याला काय कळवू?"

"हात धू आधी," अप्पा म्हणाले आणि उठून गेले.

थोड्या वेळानं आतून काहीतरी ओढत आणल्याचा आवाज आला. आमच्या घरात एकच गार खोली आहे, पूर्वेची. जाड दगडी भिंत, खिडकीला कडुनिंब. कितीही ऊन असो, तिथं फरशीवर पाय ठेवला की बरं वाटतं. ती अप्पांची. मला आठवतंय तेव्हापासून ते तिथंच झोपतात. दुपारी तिथं दुसऱ्या कुणाची पाठ टेकलेली त्यांना खपायची नाही, पाहुण्याचीसुद्धा. अप्पा आपली लोखंडी खाट त्या खोलीतून एकटेच ओढत बाहेर काढत होते. खाट दारात अडकली होती.

"बघत काय राहिलास? धर की," ते माझ्यावर ओरडले. मग बहिणीकडे न बघता म्हणाले, "तुझं मशीन हिकडं आण. तिकडं उन्हाचं मरंल ते."

"आणि तुम्ही कुठं झोपताल?"

"तुझ्या खोलीत."

"अप्पा, ती भिंत किती तापती. तुम्हाला सोसायचं न्हाई."

"मला कूलर हाय की," अप्पा म्हणाले. "माझ्यावर पाणी उडलं तरी चालतंय."

बहीण हसली. मग त्या अर्ध्या दारात, अर्ध्या बाहेर असलेल्या खाटेवर बसली आणि रडायला लागली. ह्या वेळी तिनं मान फिरवली नाही. मी खाटेचं एक टोक धरून होतो, अप्पा दुसरं. तिला ऊठ म्हणायचं दोघांच्याही जिवावर आलं, म्हणून आम्ही तसेच धरून उभे राहिलो.